लायटरातली ठिणगी आणि पिएर क्युरी

आमच्या घरी गॅस पेटवायचा लायटर आहे. खटकन दाबला की ठिणगी पडते. त्यात सेल नसतो. मागच्या वर्षी तो बिघडला तेव्हा बाबांनी तळ्याच्या बाजारातून नवा आणला. जुना मी आणि दादाने मिळून उघडला. आत एक स्प्रिंग, एक इवलीशी हातोडी आणि एक छोटा राखाडी तुकडा निघाला. बाकी काहीच नाही! मग ठिणगी येते कुठून? गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी पिएर क्युरी यांचे नाव सांगितले. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

पिएर क्युरी यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरात झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. पिएर लहानपणी शाळेत गेलेच नाहीत. मित्रांनो, लगेच खूश होऊ नका, कारण घरी अभ्यास होताच. सोळाव्या वर्षी ते मोठी परीक्षा पास झाले.

त्यांना एक मोठा भाऊ होता. त्याचे नाव जाक. दोघे भाऊ एकत्रच प्रयोग करायचे. १८८० साली पिएर २१ वर्षांचे आणि जाक २४ वर्षांचे होते. तेव्हा त्यांना आढळले की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज तयार होते. दाब सोडला की उलटी वीज येते. त्यांनी गारगोटीच्या जातीचा स्वच्छ स्फटिक घेतला, पुष्कराज घेतला आणि उसाच्या साखरेचा स्फटिकसुद्धा घेतला. म्हणजे आपली खडीसाखरच की! मी पण खडीसाखर पाट्यावर ठेवून वरवंट्याने दाबून बघितली. वीज काही दिसली नाही, मुंग्या आल्या आणि आजी ओरडली. गुरुजी म्हणाले, ती वीज फार थोडी असते, मोजायला नाजूक यंत्र लागते.

पुढच्या वर्षी दोघा भावांनी उलटा प्रयोग केला. स्फटिकाला वीज दिली तर तो किंचित आखडतो किंवा पसरतो. आपल्या वर्गातल्या घड्याळावर क्वार्ट्झ असे लिहिले आहे ना, त्यात असाच स्फटिक सेलच्या विजेवर थरथरतो. एका सेकंदात ३२,७६८ वेळा!

१८८३ साली जाक यांना मोंपेलिए या लांबच्या गावी नोकरी लागली आणि भावाभावांची जोडी फुटली. हे वाचताना मला कसेतरी झाले. आमचा दादा पण जूनपासून पनवेलला कामाला गेला आहे.

१८९५ साली पिएर यांचे लग्न मारी यांच्याशी झाले. लग्नानंतर दोघे सायकलवरून फिरायला गेले. मारीबाई एका विशेष दगडातून येणारे अदृश्य किरण मोजत होत्या. त्या मोजणीला दोघा भावांनी बनवलेले स्फटिकाचे यंत्रच उपयोगी पडले. स्फटिकाला वजन टांगायचे आणि त्या ओढीने किती वीज येते ते जुळवायचे. त्यातून १८९८ साली पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये सापडली. प्रयोगशाळा म्हणजे नुसती गळकी शेड होती. १९०३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. रस्ता ओलांडताना पिएर घोडागाडीखाली सापडले आणि जागीच वारले. त्यांचे वय फक्त ४६ होते. धाकटी मुलगी तर अजून दोन वर्षांचीही नव्हती. थोरली, आयरीन, हिला पुढे १९३५ साली नोबेल मिळाले.

लायटरमधला राखाडी तुकडा गारगोटीचा नसतो, तो कारखान्यात भाजून बनवतात. पण युक्ती तीच. हातोडी आपटली की हजारो व्होल्ट तयार होतात, पण पळभरच. म्हणून हात लावून बघू नका, मला झटका बसला आहे! २००८ साली जपानात टोकियोच्या रेल्वे स्टेशनवर जमिनीत असे तुकडे बसवून लोकांच्या पावलांपासून वीज घेण्याचा प्रयोग झाला. एका पावलाची वीज अगदी थोडी, पण स्टेशनात पावले किती पडतात!

आमच्या वाडीच्या वाटेवर रात्री दिवा नाही. चपलेत असा तुकडा बसवून एक बारका दिवा लागतो का, ते मला बघायचे आहे. जुना लायटर मी डब्यात ठेवला आहे. दादा गणपतीला येणार आहे, तेव्हा आम्ही दोघे मिळून करू.