पंडिता रमाबाई आणि कोरे पान

हल्ली सुटी पाने कड्यांत ओवलेले पवित्र शास्त्र मिळू लागले आहे. कडी उघडून दोन पानांच्या मध्ये कोरे पान घालावे, त्यावर आपणांस उमगलेला अर्थ लिहून ठेवावा, आणि शिकवितेवेळी तेच पान पुढे घ्यावे, अशी त्यात सोय असते. धानोरा भागातील आमच्या ज्या बंधुभगिनींस मराठीत छापलेले वचन गोंडी बोलणाऱ्या घरी समजावून द्यावे लागते, त्यांस ही सोय फार उपयोगी आहे. परंतु त्या कोऱ्या पानावर लिहावे काय? ह्याचे उत्तर आम्हांस पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान; आई लक्ष्मीबाईंनी मुलीस संस्कृत शिकविले. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे व त्यावर निर्वाह करी. 1874 च्या सुमारास दुष्काळाने आईबाप गेले. पुढे रमाबाई आपल्या भावासह शेकडो कोस पायी चालून 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

त्याच शहरी ख्रिस्ती लोकांनी त्यांस संस्कृत पवित्र शास्त्र भेट दिले. बाईंनी ते उघडले. परंतु त्यातील भाषा त्यांच्या परिचयाच्या ग्रंथांहून इतकी निराळी वाटली की, वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे समजून त्यांनी ते बाजूस ठेवले. एवढ्या मोठ्या विदुषीची ही गत, मग अक्षरओळख नसलेल्या मातेची काय होत असेल?

पुढे भाऊ वारला, आणि 1880 साली बाईंचा विवाह बिपिनबिहारी मेधावी ह्यांजशी झाला. आसामातील सिलचर गावी घरच्या पुस्तकांत त्यांस एक लहानशी पुस्तिका सापडली. ती बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची होती, आणि तिने त्यांचे मन ओढून घेतले. संस्कृतातील सबंध ग्रंथाने जे केले नाही, ते लोकभाषेतील एका लहान भागाने केले.

फेब्रुवारी 1882 मध्ये पती पटकीने वारले. एका वर्षाच्या आतल्या मनोरमेस घेऊन बाई पुण्यास आल्या, व 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. 1896-97 सालच्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व तेथून शेकडो निराधार मुली व विधवांस घेऊन आल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. अशांचे माहेर म्हणून पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले.

ह्या मुलींस शिकविताना बाईंस जुनीच अडचण पुन्हा भेटली. तेव्हाच्या मराठी पवित्र शास्त्रात संस्कृत शब्दांचा भरणा फार. खेड्यातील स्त्रीस ते उमजेना. तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाई इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांच्या अभ्यासास लागल्या, आणि साध्या मराठीत सबंध शास्त्राचे भाषांतर करू लागल्या. कान मंद झाले होते, घरातील शेकडो जणींच्या अन्नवस्त्राचा भार डोक्यावर होता. तरी वर्षानुवर्षे लेखणी थांबली नाही. सदनातील स्त्रियाच खिळे जुळवीत, छापीत व पाने शिवीत. 1921 साली मनोरमाही गेली. तशा दुःखातही आजारी बाईंनी शेवटचे काम हातावेगळे केले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा अंत झाला. सबंध ग्रंथ 1924 साली छापून निघाला. मंडळ्यांत मात्र बायबल सोसायटीचीच भाषांतरे चालू राहिली. बाईंचे थोड्यांनीच वाचले. तथापि त्यांनी घालून दिलेला धडा वाया गेला नाही.

मध्ये कोरी पाने घालण्याची रीतही जुनीच आहे. अमेरिकेतील उपदेशक जोनाथन एडवर्ड्स (1703-1758) ह्यांजपाशी असे एक पवित्र शास्त्र होते. त्याच्या पानांमध्ये मोठी कोरी पाने शिवलेली होती. 1730 पासून त्यांनी त्यावर पाच हजारांहून अधिक टिपणे लिहिली. आयुष्याच्या शेवटल्या वर्षांत ते तेथील आदिवासी लोकांत शिक्षक होऊन राहिले होते.

तेव्हा बंधुभगिनींनो, कोऱ्या पानावर दुसऱ्याचे सुंदर उपदेश उतरून काढू नका. वचन वाचा, आणि त्यातील कोणता शब्द ऐकणाऱ्यास अडला तो लिहा. त्यासाठी घरातील आजीबाई कोणता शब्द वापरते ते विचारून त्याशेजारी लिहा, व तारीख घाला. पुढल्या खेपेस तो शब्द वापरून पाहा. अर्थ लागला नाही तर पान काढून दुसरे घाला. कड्यांचे पुस्तक घेण्यास पैसा नसेल, तर साधे कागद दोऱ्याने ओवा, व पावसाळ्यात मेणकापडात गुंडाळून ठेवा. पाठांतराने जीभ तयार होते. परंतु शेजाऱ्याच्या चुलीपाशी बसून शोधलेला एक शब्द त्याच्या अंतःकरणापर्यंत जातो. रमाबाईंनी सुमारे सतरा वर्षे अशाच शब्दांसाठी वेचली. आपणांस आठवड्यातून एक पान लिहिणे जड जाऊ नये.