एका कागदाचे दुकान

गेल्या दिवाळीपूर्वी मी घरगुती मसाल्यांचे आठ पानी दरपत्रक छापून दीडशे घरी टपालाने धाडले. मागण्या इतक्या थोड्या आल्या की तिकिटांचाही खर्च निघाला नाही. मन खट्टू झाले असता अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड यांचे चरित्र आठवले. तेच आज मंडळातील भगिनींपुढे ठेवते.

अमेरिकेतील हे गृहस्थ फिरते विक्रेते होते. खेड्यातील शेतकऱ्यांना चढ्या भावाने माल घ्यावा लागतो, हे त्यांनी जवळून पाहिले. शिकागोहून थेट त्यांनाच माल पाठवावा, असे त्यांनी ठरविले. पण १८७१ च्या तेथील आगीत जमविलेला सारा माल जळाला.

ते खचले नाहीत. १८७२ साली त्यांनी एकाच कागदावर १६३ वस्तूंचे दर छापले आणि 'ग्रेंज' या शेतकरी संघटनेच्या सभासदांकडे पोहोचविले. एका कागदाला वजन ते किती! शिवाय तो गरजूंच्याच हाती पडला. १८७५ साली, माल पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमीही त्यांनी दिली. विश्वास वाढला तशी पाने वाढली. १८८३ पर्यंत सूचीपत्र २४० पानांचे झाले. १९१३ साली ते निवर्तले.

त्यांची गिऱ्हाइके आधी वाढली, पाने मागाहून. मी नेमके उलट केले होते. यंदा एकच कागद छापला आहे, आणि पूर्वी मसाला नेलेल्या चाळीस घरांनाच तो जाईल.