श्री संत गाडगे महाराज : निराधारांच्या निवाऱ्याचे कार्य

तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकास देवदर्शनानंतर पहिली गरज भासते ती रात्रीच्या निवाऱ्याची आणि दोन घास अन्नाची. धडधाकट माणूस कोठेही पथारी पसरून रात्र काढू शकतो. परंतु वृद्ध, अंध, पंगू व आजारी यात्रेकरूंची यात्रेच्या गर्दीत फार परवड होते. ही परवड दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते श्री संत गाडगे महाराज होत. भाविकांच्या माहितीसाठी त्यांचे अल्पचरित्र येथे देत आहोत.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील झिंगराजी मद्याच्या व्यसनापायी अकाली निवर्तले. तेव्हा मातोश्री सखुबाई लहानग्या डेबूजीस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे मामांकडे गुरे राखणे, नांगर धरणे, पिकांची राखण करणे अशी सर्व कामे डेबूजींनी मनापासून केली. शाळेचे तोंड मात्र त्यांना पाहता आले नाही.

मामा कष्टाळू होते, परंतु निरक्षर होते. त्यांचा गैरफायदा घेऊन सावकाराने त्यांची जमीन गिळंकृत केली. व्यसनाने गेलेला बाप आणि निरक्षरतेने गेलेली जमीन, ही दोन दुःखे डेबूजींच्या मनात खोल रुजली. पुढे त्यांच्या प्रत्येक कीर्तनात दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका आणि मुलांना शाळेत घाला हे सांगणे येत असे, त्याचे मूळ या अनुभवांत आहे.

गृहत्याग

सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य-मांसाचे जेवण न देता त्यांनी गोडाधोडाचे जेवण घातले व भाऊबंदांचा रोष पत्करला. दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि पाणी पिण्यास व भाकरी मागण्यास एक मडके, एवढाच त्यांचा संसार उरला. त्या मडक्यावरून, म्हणजे गाडग्यावरून, लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावी जात ते गाव दिवसा झाडून काढावे आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा नेम होता. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत ते वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत. कोणासही ते आपल्या पाया पडू देत नसत.

ऋणमोचन ते पंढरपूर

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीवर उतरताना यात्रेकरूंचे, त्यातही म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे हाल होत. बाबांनी तेथे घाट बांधविला आणि अंध-पंगूंना अन्नदान सुरू केले. त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा आरंभ येथे झाला.

पंढरपूरच्या वारीत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना कोणत्याही धर्मशाळेत थारा मिळत नसे. मुलाबाळांसह व वृद्ध आई-वडिलांसह त्यांना उघड्यावर पडून राहावे लागे. त्यांच्यासाठी बाबांनी सन १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. सन १९४९ मध्ये ही इमारत त्यांनी शैक्षणिक कार्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पंढरपूरची मराठा धर्मशाळा तसेच नाशिक, देहू व आळंदी येथील धर्मशाळा याही त्यांच्याच प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. नाशिक येथे अंध, पंगू व निराधारांसाठी त्यांनी सदावर्त चालविले. स्वतः बाबा पंढरपुरास जात, परंतु दर्शनाच्या रांगेत त्यांचा वेळ जात नसे. ते चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन घाण काढीत असत.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत. त्यांच्यासोबत आलेली म्हातारी आई किंवा बायको-मुले रस्त्याच्या कडेला दिवस काढीत. त्यांच्यासाठीही बाबांनी रुग्णालयानजीक धर्मशाळा उभारली. तीर्थक्षेत्रातील धर्मशाळा रुग्णालयाच्या दारी नेण्याची ही दृष्टी त्यांची होती.

लाखोंच्या इमारती आणि रिकामे मडके

या इमारतींसाठी लाखो रुपये लागले. ते कीर्तनाला येणाऱ्या गोरगरिबांनी व श्रीमंत दात्यांनी मिळून दिले. बाबांनी त्यातील काहीही स्वतःच्या नावे केले नाही. प्रत्येक धर्मशाळा विश्वस्तांच्या हाती सोपविली. आपण बांधविलेल्या धर्मशाळेतील अन्न न घेता ते गावात भाकरी मागून आणीत. पत्नी व कन्या झोपडीत राहिल्या. बाबांचे कुटुंब म्हणून संस्थेतील सुखसोयी घेण्याची मुभा त्यांना नव्हती. या कठोर शिस्तीचा त्रास घरच्यांना झाला, हे नाकारता येत नाही. परंतु दिलेली पै योग्य जागी लागेल, हा दात्यांचा विश्वास त्या शिस्तीमुळेच टिकला.

सन १९२३ मध्ये त्यांचा एकुलता एक पुत्र गोविंदा निधन पावला. ही वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

अखेरचे दिवस व पुढील कार्य

सन १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. प्रकृती खालावली तरी बाबांचा प्रवास सुरूच होता. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांनी देह ठेवला. अमरावतीस गाडगेनगर येथे त्यांची समाधी आहे. सन १९८४ मध्ये मिशनने मुंबईत दादर येथे धर्मशाळा सुरू केली. तेथे टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या कर्करुग्णांची व त्यांच्या नातलगांची सोय होते. सन २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास आणि सन २००५ मध्ये अमरावती विद्यापीठास बाबांचे नाव देण्यात आले.

भाविकांस विनंती

आज अनेक घरांत वृद्धांची देखभाल हा कठीण प्रश्न झाला आहे व वृद्धाश्रमांची संख्या वाढत आहे. ज्यांना कोणी नाही त्यांना आसरा देणे ही देवाचीच सेवा आहे, असे बाबांनी जन्मभर आचरणातून शिकविले. त्यांचे स्मरण कृतीतून करावयाचे असल्यास मार्ग सोपा आहे. कोणत्याही भक्तनिवासात उतरताना तळमजल्याची खोली वृद्ध व अपंग यात्रेकरूंसाठी सोडावी. खोली सोडताना ती स्वतः झाडून स्वच्छ करावी. रांगेत थकलेल्या वृद्धास आपली जागा द्यावी. दान देताना मनात निवारा व अन्नदान यांचाही विचार असावा. दिलेल्या रकमेची रीतसर पावती घ्यावी आणि तिचा विनियोग कसा होतो, हेही अवश्य विचारावे. दात्याने विचारणे आणि विश्वस्तांनी सांगणे, दोन्ही गोष्टी बाबांच्या शिकवणुकीस धरूनच आहेत.