मिस एलिनॉर रॅथबोन

घरांत दिवसभर राबणाऱ्या आईचें नांव कोणत्याहि हजेरीपटावर नसतें. तिच्या श्रमाचा हिशेब मांडावा, असें फार थोड्यांस सुचलें. इंग्लंडांतील मिस एलिनॉर रॅथबोन यांनीं तो सुमारें चाळीस वर्षें मांडला.

त्यांचा जन्म १२ मे १८७२ रोजीं लंडन येथें झाला. रॅथबोन घराणें लिव्हरपूल बंदरांतील नामांकित व्यापाऱ्यांचें. एलिनॉरबाईंनीं ऑक्सफर्ड येथील सॉमरव्हिल कॉलेजांत अध्ययन केलें. परंतु त्या काळीं तें विद्यापीठ स्त्रियांस पदवी देत नसे! पुढें लिव्हरपूलास परतून त्या गोदी-कामगारांच्या स्थितीची चौकशी करूं लागल्या. गोदींतील काम रोजंदारीचें. जहाज लागलें तर मजुरी, नाहीं तर चूल पेटण्याची पंचाईत. अशा कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून त्यांनीं ते १९०९ सालीं प्रसिद्ध केले. ज्या मातांस घरचा जमाखर्च ठेवावा लागतो, त्यांस या कामाची किंमत सांगावयास नको. त्याच वर्षीं त्या लिव्हरपूलच्या नगरसभेवर निवडून आल्या. तेथील त्या पहिल्याच स्त्री सभासद.

१९१४ च्या महायुद्धांत सरकार शिपायांच्या पत्नींस मुलांच्या संख्येप्रमाणें भत्ता देई. लिव्हरपुलांत त्याच्या वाटपाचें काम करतांना बाईंनीं पाहिलें कीं, आईच्या हातीं नियमित पैसा आला म्हणजे घराची कळा पालटते. १९२४ सालीं त्यांनीं ‘दि डिसइन्हेरिटेड फॅमिली’ हा ग्रंथ लिहिला. प्रत्येक पुरुषास पत्नी व तीन मुलें पोसावयाचीं असतात, असें धरून मजुरी ठरवावी, असें तेव्हां म्हटलें जाई. बाईंनीं आंकडे तपासले, तों बरोबर तीन मुलें पोसणारे पुरुष दर दहांत एकहि भरेनात! कित्येक अविवाहित, तर कित्येकांच्या घरीं पांच-सहा लेंकरें. मजुरी मात्र सारखीच. शिवाय पुरुष हा कुटुंबपोषक, या सबबीवर स्त्रीस त्याच कामाबद्दल कमी वेतन. म्हणून मुलांच्या पोषणाचा खर्च मजुरींतून वेगळा काढून तो राष्ट्रानें आईस द्यावा, असें त्यांनीं प्रतिपादिलें. यामुळें मजुरी घसरेल, अशी कामगारपुढाऱ्यांस भीति वाटली. स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडलेल्या मिलिसेंट फॉसेटबाईहि विरुद्ध गेल्या.

१९२९ सालीं त्या पार्लमेंटांत गेल्या. हिंदुस्थानांतील बालविवाहाच्या प्रश्नांतहि त्यांनीं लक्ष घातलें. परक्या स्त्रियांनीं आमचा न्यायनिवाडा करूं नये, असें धन्वंती रामा राव यांनीं त्याच वर्षीं लंडनच्या परिषदेंत बजावलें. तें योग्यच झालें, असें मला वाटतें. पुढें १९३२ सालीं बाई स्वतः या देशीं येऊन गेल्या.

१९४५ सालीं कुटुंबभत्त्याचें बिल आलें. पण पैसे बापास द्यावे, असें त्यांत लिहिलें होतें. बहात्तर वर्षांच्या बाई उभ्या राहिल्या आणि हें असेंच राहिल्यास आपण विरुद्ध मत देऊं, असें त्यांनीं सांगितलें. ज्या कायद्यासाठीं जन्म वेंचला, त्याच्याच विरुद्ध! अखेर सभासदांस स्वेच्छेनें मत देण्याची मोकळीक मिळाली व भत्ता आईच्या नांवें झाला. पहिलें मूल सोडून प्रत्येक मुलामागें आठवड्यास ५ शिलिंग ठरले.

२ जानेवारी १९४६ रोजीं बाई निवर्तल्या. ६ ऑगस्ट रोजीं देशभर पोस्टांच्या खिडक्यांवर आयांच्या हातीं पहिला भत्ता पडला.