शास्त्रज्ञ बुडकर

युक्रेनमधील मुराफा नावाच्या लहानशा गावी १ मे १९१८ रोजी गेर्श बुडकर यांचा जन्म झाला. पुढे ते आंद्रेइ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या वेळी देशात यादवी माजली होती. तीत त्याच वर्षी त्यांचे वडील मारले गेले. पितृछत्र हरपलेले हे मूल आईच्या आधाराने वाढले. मॉस्को विद्यापीठातील शिक्षण १९४१ साली पुरे होते न होते, तोच जर्मनीने सोव्हिएत देशावर आक्रमण केले. बुडकर रणभूमीवर गेले. तेथे विमानविरोधी तोफांचा नेम साधण्याच्या यंत्रणेत त्यांनी सुधारणा केली. तो त्यांचा पहिला शोध होय.

युद्धानंतर ते अणुसंशोधनाकडे वळले. १९५८ साली सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. तिचे ते पहिले संचालक. तेथील चर्चेचे मेज वाटोळे होते. वाटोळ्या मेजाला अग्रस्थान नसते; थोर व तरुण त्याभोवती बरोबरीने बसत.

अणूच्या अंतरंगाचा ठाव घेण्यासाठी कणत्वरक नावाच्या यंत्रात प्रोटॉनांचा झोत प्रचंड वेगाने फिरवितात. परंतु पुढे धावताना हे कण आजूबाजूलाही उसळतात आणि झोत विस्कटतो. ही उसळी म्हणजे एक प्रकारची उष्णताच. ती काढावी कशी? १९६६ साली बुडकरांनी एक युक्ती मांडली. गरम दुधाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून पाणी वरचेवर बदलले, की दूध निवते. त्याचप्रमाणे प्रोटॉनांच्या सोबतीने, त्यांच्याच वेगाने, इलेक्ट्रॉनांचा शांत झोत थोडे अंतर जाऊ द्यावा. प्रोटॉनांची उसळी इलेक्ट्रॉन घेतील. तापलेले इलेक्ट्रॉन बाजूला काढावे व ताजे सोडावे. लक्षावधी फेऱ्यांनंतर प्रोटॉनांचा झोत बारीक व एकसारखा होईल.

हे प्रत्यक्षात उतरेल, असे पुष्कळांना वाटले नाही. बुडकर व त्यांचे सहकारी मात्र खपत राहिले. आठ वर्षांनी, १९७४ साली, त्यांच्या यंत्रात प्रोटॉनांचा झोत खरोखरच निवला. ४ जुलै १९७७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, बुडकर निवर्तले.

पुढे २००५ साली अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेने हीच रीत वापरली. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेतही ती वापरली जाते. नोव्होसिबिर्स्कच्या संस्थेला आज बुडकरांचे नाव आहे. चांगली कल्पना सुचणे हे भाग्य खरे. परंतु इतरांचा विश्वास नसताना ती धीराने सिद्ध करणे, हा पुरुषार्थ होय.