खिशातला कॅमेरा

आमच्या आप्पांना दमा आहे. तरुणपणी हौसेने घेतलेला त्यांचा जड कॅमेरा कित्येक वर्षे कपाटात पडून आहे. तो गळ्यात अडकवून टेकडी चढायची म्हटली की त्यांना धाप लागते. शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्यांना खिशात मावणारा फिल्मचा कॅमेरा घेऊन द्यावा असे मी ठरवले, आणि त्या शोधात ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराची ओळख झाली.

बार्नाकचा जन्म १८७९ सालचा, ब्रँडेनबुर्गमधल्या एका खेड्यातला. सूक्ष्म यंत्रकामात तरबेज झालेला हा तरुण १९०२ मध्ये येना येथील झाइस कारखान्यात लागला. त्यालाही छायाचित्रणाचा नाद होता आणि त्यालाही दमा होता! १३ × १८ सेंटिमीटरच्या काचा घेणारा अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन थ्युरिंगियाचे डोंगर चढताना त्याचा जीव मेटाकुटीस येई. निगेटिव्ह लहान घ्यावे आणि चित्र मागाहून मोठे करावे, हा विचार त्याच्या मनात तेव्हाच रुजला.

१९११ मध्ये तो वेट्झलार येथील लाइट्स या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात आला. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरची चौकट निवडली. १९१४ च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि काम मागे पडले. तरी बार्नाकने तो कॅमेरा जवळून सोडला नाही. १९२० च्या पुरात बुडालेले वेट्झलार त्याने त्यातूनच टिपले.

नुसता लहानपणा मात्र कामाचा नव्हता. इवलेसे निगेटिव्ह मोठे केले की भिंगातला प्रत्येक दोषही मोठा होतो. त्यासाठी माक्स बेरेक या सहकाऱ्याने उत्तम भिंग सिद्ध केले. युद्धानंतरच्या हलाखीत असले नवे साहस करावे की नाही, याविषयी कारखान्यात शंका होत्या. १९२४ मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्स यांनी होकार दिला आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. १९३६ च्या जानेवारीत बार्नाक वारला.

हे वाचल्यावर माझी निवड सोपी झाली. अर्ध्या चौकटीचे कॅमेरे सुबक दिसले, पण त्यांचे निगेटिव्ह निम्मेच. रोलाय ३५ चे भिंग नावाजलेले. परंतु त्यात अंतर अंदाजाने लावावे लागते. अखेर १९७९ साली निघालेला ऑलिंपस एक्सए जुन्या बाजारातून घेतला. त्याची चौकट बार्नाकचीच, २४ × ३६. दोन प्रतिमा जुळवून अंतर साधता येते, आणि भिंगावरचे झाकण सरकते असल्याने वेगळी पिशवी लागत नाही.

परवा आप्पा सदऱ्याच्या खिशात तो घालून टेकडीवर निघाले. अर्ध्या वाटेवर दम लागला तेव्हा एका दगडावर टेकले आणि खालच्या गावाचा फोटो काढला. पूर्वी अशा जागेवरून ते मुकाट्याने परत फिरत.

कपाटातला कॅमेरा कितीही भारी असो, फोटो काढतो तो खिशातलाच. बार्नाकला हे त्याच्या दम्याने शिकवले, मला आप्पांच्या.