फोर्सिथ आणि ठासणीच्या रायफलीचे गणित
कॅप्टन जेम्स फोर्सिथ (१८३८-१८७१) यांचे नाव पचमढी आणि तेथील ‘बायसन लॉज’शी कायमचे जोडले गेले आहे. मध्य प्रांताच्या वनखात्यातील या अधिकाऱ्याने शिकाऱ्यांची एक जुनी अडचणही सोडवली. ठासणीच्या रायफलीत लांबट, जड गोळी वापरली, की दारू बेताचीच भरावी लागे आणि गोळी कमानीसारखी वळत जाई. अंतराचा अंदाज जरा चुकला, तरी गवा वा सांबर जखमी होऊन निसटे व रानात तडफडत मरे. हलक्या गोल गोळीमागे दारू वाढवली, तर नळीतील घट्ट पेचांवरून ती घसरे.

फोर्सिथ यांनी पेच उथळ व सैल ठेवले: १४ बोअरच्या नळीत १०४ इंचांत एकच वेढा. मग कापडात घट्ट बसवलेली गोळी भरपूर दारूनेही पेच सोडत नसे व जंगलातल्या टप्प्यात जवळजवळ सरळ जाई. जनावर जागीच पडे.

पुढे ते निमाडचे डेप्युटी कमिशनर झाले. तिशी नुकतीच ओलांडलेली असताना लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या होत्या. तरी गोल गोळीला सैल पेच, हा त्यांचा नियम ठासणीची रायफल वापरणारे आजही पाळतात.